दिवा लागला म्हणजे निदान झाले नव्हे

(वार्षिक संमेलनाच्या युवक-सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून ज्ञातीचा इतिहास, कुलाचार, विवाहखर्चातील काटकसर अशा विषयांवर व्याख्याने होत आली आहेत आणि ती व्हावयास हवीतच. आज आम्ही निवडलेला विषय मात्र मोटारीच्या धुराड्यात बसविलेल्या एका बोटभर वस्तूचा आहे. तिला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात. त्यातही आम्हांस बोलावयाचे आहे ते त्या सेन्सरच्या पोटात दडलेल्या हीटरविषयी. विषय ऐकून पुढील रांगेतील वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवर उमटलेले स्मित आम्हांस दिसते आहे. परंतु मागील रांगांतील तरुणांपैकी कित्येक जण भाड्याची मोटार चालवितात, कित्येक गॅरेजात राबून घर चालवितात. या बोटभर वस्तूपायी त्यांचा पैसा जातो, आणि पुष्कळदा तो विनाकारण जातो. आम्ही यंत्रविद्येचे पदवीधर नव्हे. जन्मभर हाती खडू धरलेले मॅट्रिक पास शाळामास्तर आहोत. परंतु निदान म्हणजे पायरीपायरीने केलेला विचार, आणि तसा विचार करावयास शिकविणे हाच आमचा व्यवसाय होता.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय, ते पाहू. एक भाग पेट्रोल पूर्ण जळावयास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. हवा अधिक झाली तर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपले काम चोख करतो तो हे प्रमाण नेमके राखले तरच. प्रमाण ठीक आहे की नाही, हे इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील ईसीएमला, सांगणारा पहारेकरी म्हणजे हा सेन्सर. त्याच्या आत झिर्कोनिया नावाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाचा तुकडा असतो व त्यावर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. एका बाजूस धूर, दुसऱ्या बाजूस बाहेरील हवा. दोहोंतील प्राणवायूच्या तफावतीनुसार त्यात वीज उत्पन्न होते. पेट्रोल अधिक झाले की ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा अधिक झाली की ०.१ व्होल्टच्या आसपास.

परंतु झिर्कोनिया थंड असताना मुका असतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावाचून त्यातून प्राणवायूचे कण वाहत नाहीत. हा गुण विद्वानांना मोटारींपूर्वीच ठाऊक होता. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८९७ साली अशाच पदार्थाच्या कांडीचा विजेचा दिवा काढला होता. ती कांडीही आधी बाहेरून तापविल्याखेरीज पेटत नसे. पुढे त्याच नेर्न्स्टांच्या सूत्रावर आधारलेला सेन्सर जर्मनीतील बॉश कंपनीने तयार केला आणि १९७६ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्हॉल्वो मोटारींत तो प्रथम बसला. त्या काळी त्याला एकच तार असे व तो केवळ धुराच्या उष्णतेने तापे. १९८०च्या दशकात त्याच्या पोटात विजेचा हीटर घालण्यात आला, आणि गाडी सुरू झाल्यावर थोड्याच वेळात सेन्सर बोलू लागला.

आपल्या देशात १९९५ साली मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसे या सेन्सरला व कन्व्हर्टरला विषासमान असते. ते घातलेले पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यापासून तर ही व्यवस्था अधिकच काटेकोर झाली आहे. तात्पर्य, ही वस्तू आता श्रीमंताच्या मोटारीपुरती राहिलेली नाही. स्टँडवर उभ्या असलेल्या टॅक्सीतही ती आहे.

हीटर निकामी झाला तर काय होते? डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो; गाडी मात्र चालते, म्हणूनच मनुष्य फसतो. हमरस्त्यावर धुराच्या उष्णतेने पुढील सेन्सर तापतो व काम भागते. पण स्टँडवर इंजिन चालू ठेवून उभे राहणे, गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणे, यांत तो पुरेसा तापत नाही. मग ईसीएम अंदाजाने पेट्रोल सोडतो, आणि अंदाज बहुधा सढळ हाताचा असतो. इंधन जाते, धूर बिघडतो आणि कालांतराने कन्व्हर्टर खराब होतो. त्याची किंमत सेन्सरच्या कैक पट असते.

आता मुख्य मुद्दा. दिवा लागला की गॅरेजवाला स्कॅनर जोडतो. त्यात पी ०१३५ असा आकडा दिसला तर तो कन्व्हर्टरच्या अलीकडील सेन्सरच्या हीटरचा. पी ०१४१ दिसला तर पलीकडील सेन्सरच्या हीटरचा. आकडा पाहताच सेन्सर बदलण्याचा सल्ला मिळतो. परंतु मंडळी, तो आकडा नीट वाचा. त्याचा अर्थ ‘हीटरच्या विद्युत्मार्गात दोष’ इतकाच आहे. बॅटरीपासून फ्यूज, रिले, तार, कपलर, मग हीटर, पुन्हा कपलर, पुन्हा तार आणि शेवटी ईसीएम, एवढा तो मार्ग आहे. गावात चोरी झाली असे समजले म्हणून पहिल्याच घरातील माणसाला कोणी बेड्या घालीत नाही.

म्हणून क्रम ठरवून घ्यावा. प्रथम स्कॅनरमधील आकडा व त्या वेळची नोंद कागदावर उतरवून घ्यावी, मगच पुसावी. आधी पुसली तर पुरावाच गेला. दुसरे, फ्यूज पाहावा. पुष्कळ गाड्यांत हीटरच्या फ्यूजवर आणखीही एखाददुसरे उपकरण असते. म्हणून एकदम दोन-तीन निरनिराळे आकडे आले तर संशय आधी फ्यूजवर धरावा. तिसरे, गाडीखाली वाकून तारेचा सारा प्रवास डोळ्यांनी पाहावा. उंदराने कुरतडली काय, सायलेन्सरला टेकून वितळली काय, पावसाळ्यात कपलरमध्ये पाणी शिरून पितळी टोकांवर हिरवा थर चढला काय? कोकणपट्टीतील गाड्यांत हा हिरवा थर अवश्य शोधावा.

चौथी पायरी मल्टिमीटरची. इंजिन थंड असताना कपलर सोडवून सेन्सरच्या बाजूकडील हीटरच्या दोन टोकांमधील रोध मोजावा. त्या दोन तारा बहुधा एकाच रंगाच्या असतात. रोध गाडीनुसार वेगळा असतो, बहुतेक गाड्यांत दोनपासून वीस ओहमच्या दरम्यान. नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावा. मीटरने अनंत दाखविले तर आतील तार तुटली आहे. शून्याजवळ दाखविले, किंवा हीटरचे टोक व सेन्सरचे लोखंडी अंग यांच्यामध्ये वीज वाहताना आढळली, तर आत शॉर्ट आहे. या तिन्ही प्रसंगी सेन्सर खुशाल बदलावा. रोध योग्य असेल तर मात्र सेन्सरला हात लावू नये. दोष अन्यत्र आहे. येथे सांगण्यासारखी गोष्ट अशी की, ज्याच्या नावाने हे माप ओळखले जाते तो गेओर्ग ओहम कोलोन येथील शाळेत शिकविणारा मास्तर होता. १८२७ साली त्याने आपला नियम प्रसिद्ध केला. बारा व्होल्ट आणि बारा ओहम असतील तर एक अँपिअर वाहतो, हा शाळकरी भागाकार आजही गॅरेजात उपयोगी पडतो.

पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची. इंजिन चालू करून कपलरच्या गाडीकडील बाजूस, हीटरला वीज पुरविणाऱ्या टोकावर मीटर लावला असता बारा व्होल्टच्या वर आकडा दिसला पाहिजे. दिसला म्हणजे संपले असे मात्र समजू नका. मीटर अत्यल्प वीज ओढतो. त्यामुळे गंजलेल्या, एका धाग्यावर लोंबकळणाऱ्या तारेतूनही पूर्ण व्होल्ट दिसतात. सभेत प्रत्येक ठरावाला हात वर करणारा आणि कामाच्या दिवशी न फिरकणारा सभासद आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. ती तार तशीच. तिच्यावर ओझे टाकून पाहावे. इंडिकेटरचा साधा २१ वॉटचा बल्ब त्या टोकाला व इंजिनाच्या अर्थला जोडावा. लख्ख पेटला तर पुरवठा खरा. मिणमिणला तर वाटेत कोठेतरी गंज आहे. त्यानंतर ५ वॉटचा लहान बल्ब हीटरच्या दोन्ही टोकांना, गाडीकडील बाजूस जोडावा. ईसीएम हीटरची दुसरी बाजू अर्थला जोडतो व सोडतो, म्हणून बल्ब पेटला अथवा लुकलुकला तर ईसीएम आपले काम करीत आहे. पेटलाच नाही, तर ईसीएमपर्यंतची तार आधी तपासावी. ईसीएमवर आळ सर्वांत शेवटी. सुरुवातीची काही मिनिटे सेन्सरवर पाण्याचे थेंब पडून तो तडकू नये म्हणून काही गाड्यांत हीटर मुद्दाम उशिरा पेटवितात, तेव्हा थोडा धीर धरावा. आणि तारेत टाचणी खुपसून तपासू नये. त्या भोकातून पुढे पाणी शिरते.

एक घडलेला प्रकार सांगतो. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. आपल्याच ज्ञातीतील एक तरुण प्रवासी वाहतूक करतो. दिवा लागला, एका गॅरेजात सेन्सर बदलला. दिवा पुन्हा लागला. फ्यूज उडाला होता. नवा घातला, तोही खड्ड्यांच्या रस्त्यावर उडाला. तेव्हा कोणी तरी दहा अँपिअरच्या जागी वीस अँपिअरचा फ्यूज बसवून दिला आणि दिवा विझला. सर्वांस समाधान वाटले. आमच्या पुतण्याने पुढे ती गाडी उचलून पाहिली, तेव्हा तार धरून ठेवणारी एक क्लिप कोणा दुरुस्तीनंतर बसविलीच नव्हती, असे दिसून आले. तार खाली लोंबून पत्र्याला घासत होती, आवरण झिजले होते, आणि मोठ्या फ्यूजमुळे ती आता जळून काळी पडू लागली होती. मागील आसनांवर चार माणसे बसवून ही गाडी घाट उतरत होती. फ्यूज उडतो तो आपले रक्षण करण्यासाठी. त्याला दंड करून दुसरा दांडगा पहारेकरी नेमला तर घरालाच आग लागते. खराब तुकडा कापून नवी तार, तिच्यावर उष्णता सोसणारी नळी, मूळ दहा अँपिअरचा फ्यूज आणि एक क्लिप, एवढ्यावर काम झाले. पहिला सेन्सर निर्दोष होता, हे सांगणे नलगे.

सेन्सर खरोखर बदलावयाचाच असेल तर काही पथ्ये आहेत. इंजिन किंचित कोमट असताना, खाच असलेल्या पान्याने तो सोडवावा. तापलेल्या धुराड्याला हात लावू नये. नवा सेन्सर त्याच गाडीसाठी नेमलेला घ्यावा. केवळ कपलर जुळतो म्हणून भलताच बसवू नये, कारण हीटरचा रोध न जुळल्यास दिवा पुन्हा लागेल. आट्यांना लावावयाचे वंगण सेन्सरच्या टोकाला लागू देऊ नये. जवळपास वाटेल ते सिलिकॉन वापरू नये, त्याची वाफ सेन्सरला मारते. सेन्सरच्या स्वतःच्या तारांना झाळ देऊ नये, कारण पुष्कळ सेन्सर बाहेरील हवा त्या तारांच्या आतूनच घेतात. हीटर पेटतो का हे पाहण्यासाठी सेन्सर हातात धरून बॅटरी जोडू नये. भाजते, आणि पाच-सहा तारांचे नव्या धर्तीचे सेन्सर तर त्याने फुकट जातात. शेवटी आकडा पुसून गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी आणि सकाळी सुरू करून स्कॅनरवर पाहावे. पुढील सेन्सरचे व्होल्ट लवकरच खालीवर नाचू लागले आणि आकडा परत आला नाही, तरच काम पुरे झाले म्हणावे.

बंधूंनो, येथे ज्ञातीचा प्रश्न येतो. वैद्य, वकील, अभियंते झालेल्या मुलामुलींचा आपण शाल-श्रीफळ देऊन गौरव करतो, ते योग्यच आहे. परंतु गॅरेजातील तरुणाने मोजमाप करून ‘सेन्सर चांगला आहे, तार जोडली’ असे सांगितले, तर त्याच्या हाती मजुरीचे थोडे रुपये पडतात. न मोजता सेन्सर बदलला, तर नफा अधिक पडतो. म्हणजे प्रामाणिक विद्येला किंमत कमी आणि अंदाजाला जास्त, अशी ही उलटी तराजू आहे. ती सरळ करणे आपल्या सर्वांच्या हाती आहे. गाडीवाल्याने निदानाची मजुरी कुरकुर न करता द्यावी. गॅरेजवाल्याने बिलावर मोजलेले ओहम व व्होल्ट लिहावेत आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती परत द्यावा.

कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना आहे की, संस्थेच्या वसतिगृहात एक मल्टिमीटर, एक साधा स्कॅनर आणि एक टेस्ट लॅम्प ठेवावा व दर रविवारी सकाळी दोन तास वर्ग भरवावा. शिकविण्यास आमचा पुतण्या तयार आहे. फळ्यावर ओहमचा नियम लिहिण्यास आम्ही तयार आहोत. या तीन वस्तूंचा खर्च एका सत्कार-समारंभाहून अधिक येणार नाही.