हिशेब मागा, फोटो नको



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सुट्टीच्या दिवशी मावळातल्या एका बालसंस्थेसाठी देणगीदार मिळवतो. लोणावळ्याचं अंतरभारती बालग्राम असो की भाज्याची 'संपर्क', अशा संस्थांचा खर्च रोजचा असतो: दूध, फी, सांभाळणाऱ्या ताईंचा पगार. मोठ्या कंपन्यांना २०१३च्या कायद्याप्रमाणे नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पण मला तो पैसा मिळाला संगणकांसाठी, दुधासाठी नाही. दूध येतं तुमच्या-माझ्या महिन्याच्या पाचशे रुपयांतून.

सुरुवातीला मी आवाहनात एका मुलाचा फोटो टाकला. पैसे भराभर आले. आठवड्यानं तो म्हणाला, "दादा, वर्गात सगळ्यांनी बघितला." मी गप्प झालो. अशा मुलांची ओळख उघड करायला २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

जकात-सदका देताना आपण म्हणतो, उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये. मग घेणाऱ्याचा चेहरा गावाला का दाखवायचा? संस्थेची नोंदणी विचारा, लेखापरीक्षण अहवाल मागा, करसवलतीची पावती घ्या. मुलाचा फोटो मात्र मागू नका.