बोधपटातून दूरचित्रवाणीकडे: कै. विजया मुळे
(ज्युबिलीनिमित्त उंब्रज येथे केलेले भाषण)



कृष्णाकाठी राहणाऱ्या आम्हांस नदी उलट वाहताना पाहण्याचा योग नाही. हुगळीत मात्र भरतीची लाट समुद्राकडून नदीत चढते. मुंबईत १९२१ साली जन्मलेल्या विजयाबाई मुळे ह्यांनी ह्याच विषयावर 'द टायडल बोअर' हा आपला पहिला बोधपट काढिला. १९७४ साली त्यांचा 'एक अनेक और एकता' हा बालपट आला. त्यातील जाळ्यासह उडणारी पाखरे आपल्या मुलांस ठाऊक आहेत. बाईंचे नाव मात्र आम्ही विचारिले, तेव्हा एकही हात वर झाला नाही.

पुढे १९७५ साली सरकारने शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राची धुरा त्यांजवर सोपविली. बोधपटकारास लाटेची वाट पाहता येते. येथे रोज सकाळी शाळेच्या वेळेस कार्यक्रम सिद्ध हवा. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दिसत. त्यांत आपले राज्य नव्हते, ही रुखरुख आम्हांस आहेच. ठरल्याप्रमाणे ३१ जुलै १९७६ रोजी ते प्रक्षेपण थांबले. बाई मात्र थांबल्या नाहीत. मुलांच्या शिक्षणाची चिंता त्यांनी २०१९ साली देह ठेवीपर्यंत वाहिली.