गव्हाचं वावडं आणि नेपाळची यात्रा

आम्ही रत्नागिरीकडच्या एका बचत गटाच्या बाया. आज बोलणार आहोत जेवणाबद्दल, पण पाककृती सांगणार नाही. जिला गहू चालत नाही, तिनं परदेशात फिरायला गेल्यावर खायचं काय आणि सोबतच्या बायकांनी करायचं काय, हा आजचा विषय.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला सिलियाक नावाचा आजार आहे. कितीतरी वर्षं तिचं रक्त वाढत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिक झालं, पोट सारखं बिघडायचं. शेवटी रक्ताची एक खास तपासणी झाली, मग दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा तपासला आणि निदान झालं. कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो, तो ग्लुटेनमुळे. गहू, जव आणि राय या धान्यांत ते असतं. या आजारात ग्लुटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्याला इजा करतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. जन्मभर ग्लुटेन बंद, एवढाच उपाय. एक मात्र लक्षात ठेवा, संशय आला म्हणून आपल्या मनानं गहू सोडू नका. आधी तपासणी, मग पथ्य. गहू सोडल्यावर केलेल्या तपासणीत आजार लपून राहू शकतो.

मागच्या वर्षी गटानं नेपाळला जायचं ठरवलं. पशुपतिनाथ, लुंबिनी, पोखरा. ही मैत्रीण म्हणाली, "मी नाही येत. माझ्यामुळे तुम्हाला उगाच ताप." तिनंही आमच्याबरोबर महिन्याच्या महिन्याला पैसे टाकले होते. तिला मागं ठेवून जायचं आमच्या मनाला पटेना. मग आम्ही तयारीला लागलो.

सुरुवात गिरणीपासून केली. तांदूळ आणि नाचणी चालते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण गिरणीत आधी गहू दळलेला असेल, तर त्याचं पीठ आपल्या पिठात येतंच. म्हणून घरघंटी नीट पुसून, तिच्यात फक्त तांदूळ आणि नाचणी दळली. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं असेल, तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, असा आपल्या देशातला नियम आहे. म्हणजे चिमूटभर कणीकसुद्धा जास्तच झाली.

मग डबे तपासले. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीतही बरेचदा असतो. डबीतल्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे डबीवरचं वाचल्याशिवाय घेऊ नये. रेल्वेच्या प्रवासासाठी घरचा पोह्यांचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि पहिल्या दिवसापुरत्या तांदळाच्या भाकऱ्या घेतल्या. तिचा तवा, झारा आणि ताट-वाटी वेगळ्या पिशवीत बांधली.

यात्रा कंपनीचा आचारी बरोबर असणार होता. निघायच्या आधीच त्याला गाठलं. "महाराज, हिला पोळी चालत नाही," एवढं सांगून भागत नाही. तो म्हणणार, "मग भात खा." आम्ही त्याला एकेक गोष्ट सांगितली. पुऱ्या तळलेल्या तेलात हिचे पापड तळायचे नाहीत. रस्सा दाट करायला पीठ लावायचं नाही. पोळी उलटलेला झारा हिच्या भाजीत घालायचा नाही. हिचं ताट सगळ्यांच्या आधी वाढायचं. त्यानं मान डोलावली, "ताई, सुरुवातीलाच हिचं काढून ठेवत जाईन." आणि तसंच केलं.

आता नेपाळचं. आमच्याकडं आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात. त्यांच्यातल्या एका वहिनींनी आम्हाला शिकवलं. तिकडे ज्याला कोदो म्हणतात, ती आपली नाचणी. ढिँडो म्हणजे नाचणीच्या, मक्याच्या किंवा फापराच्या पिठाची घट्ट उकड. फापर म्हणजे कुट्टू. त्याला इंग्रजीत बकव्हीट म्हणतात, पण तो गहू नव्हे. चिउरा म्हणजे पोहे. दाल-भात तर तिकडचं रोजचंच जेवण. थकाली भोजनालयात भाताऐवजी ढिँडो मागता येतो. मोमो, चाऊमिन आणि थुक्पा यांत मैदा असतो, ते वर्ज्य. सोया सॉसमध्येही सहसा गहू असतो. सेलरोटी तांदळाची असते, पण काही जण तिच्यात मैदा किंवा रवा घालतात. म्हणून विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

त्याच वहिनींनी एका कार्डावर लिहून दिलं: "मलाई गहुँ, जौ, मैदा, सुजी मिसिएको खानेकुरा खान मिल्दैन। खाएँ भने बिरामी पर्छु।" गहू, जव, मैदा, रवा मिसळलेलं मला चालत नाही, खाल्लं तर आजारी पडते, असा त्याचा अर्थ. लिपी आपलीच, त्यामुळे आम्हालाही वाचता येत होतं. हॉटेलात बसलं की आधी ते कार्ड दाखवायचं, मग मागवायचं. दुसऱ्या देशात जाणार असाल, तर तिथल्या भाषेत असं कार्ड लिहून घ्या.

सगळ्यात अवघड गेला प्रसाद. रव्याचा शिरा हातावर आला की कुणी ना कुणी म्हणायचं, "अगं, देवाच्या प्रसादानं काही होत नाही. एवढासा तर घास!" पण त्या एवढ्याशा घासानंही आतड्याला इजा होते. बाहेरून लगेच काही दिसलं नाही, तरी होते. आपण एकादशीला कुणाला म्हणतो का, की एवढासा भात खा, काही होत नाही? उलट तिच्यासाठी वेगळी वरी शिजवतो, साबुदाणा भिजवतो. देवासाठी केलेला उपवास आपण मानतो, मग आजारासाठी पाळलेलं पथ्य का नाही मानायचं? हिचा उपवास तर कधी सुटतच नाही. मग आम्ही ठरवलं, तिच्या वाटचा शिरा आमच्यातली एक जण घेईल, आणि तिनं फूल आणि तीर्थ घ्यायचं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही अशी एखादी असेल. लग्नकार्यात नुसतीच बसणारी, सहलीला नाही म्हणणारी. तिला "चोखंदळ" म्हणून सोडून देऊ नका. तिची तपासणी झाली आहे का, ते विचारा. झाली नसेल, तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा. आणि पुढच्या सहलीचं ठरवाल, तेव्हा गाडीच्या भाड्याबरोबर तिच्या पिठाचाही हिशेब धरा. आपल्या नाचणीनं, तांदळानं आणि पोह्यांनी निम्मी शिदोरी बांधलेलीच आहे. उरलेली निम्मी म्हणजे आपण तिच्या बाजूनं दोन शब्द बोलणं.