तिच्या खेपा आणि आपला वेळ

(सांगली येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



'कामाच्या वेळेचे नियोजन आणि उद्दिष्टे' असा विषय मला दिलेला आहे. एम.एस.डब्ल्यू.ला असताना हा विषय आम्हाला होता. उद्दिष्ट नेमकं हवं, मोजता यायला हवं, ते कुणी करायचं हे ठरलेलं हवं, होण्यासारखं हवं आणि त्याला मुदत हवी. जॉर्ज डोरन या अमेरिकन सल्लागाराने १९८१ मध्ये कंपन्यांच्या व्यवस्थापकांसाठी हे पाच कलमी सूत्र मांडलं. परीक्षेत मी त्यावर छान उत्तर लिहिलं होतं. पण मोजायचं काय, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. तो एका बाईने शिकवला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा ज्या संस्थेत होते तिथे 'महिन्याला इतक्या केसेस नोंदवायच्या' असं उद्दिष्ट असे. भाद्रपदात जत तालुक्यातली एक बाई आली. नवऱ्याची मारहाण होती. मी नोंद केली आणि लग्नपत्रिका, रेशनकार्ड घेऊन या म्हणून तिला परत पाठवलं. खरं तर तक्रार लिहून घ्यायला पत्रिका आधी हवीच असं कायदा कुठे म्हणत नाही. ती आमची सवय. दुसऱ्यांदा ती आली तेव्हा मी प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी तिमाही अहवाल लिहीत बसले होते आणि तिच्या अर्जाचा मसुदा तयार नव्हता. ती चिडली नाही. म्हणाली, "ताई, ही माझी तिसरी खेप. दर खेपंला रोजगार बुडतोय, गाडीभाडं येगळंच. दसरा झाला की टोळी हालंल. त्याच्या आत कायतरी करा."

मी डायरीत 'पुढचा सोमवार' असं लिहिलं. त्या सोमवारी ती आली नाही. नवऱ्याने मुकादमाकडून दोघांची मिळून उचल घेतलेली होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात हे तुम्हाला मी सांगायला नको. उचल अंगावर असताना तिला मागे कोण राहू देणार? ती गेली. पट्टा पडेपर्यंत त्याच कोपीत, त्याच माणसाबरोबर. माझ्या अहवालात मात्र त्या महिन्याचं उद्दिष्ट पूर्ण झालेलं होतं.

वेळेचं उद्दिष्ट कायद्यातही आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा पाहा. अर्ज आल्यापासून साधारणपणे तीन दिवसांच्या आत पहिली सुनावणी ठेवावी आणि त्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कलम १२ म्हणतं. 'साधारणपणे' आणि 'प्रयत्न' या दोन शब्दांतून किती महिने गळून जातात ते कोर्टाच्या व्हरांड्यात बसणाऱ्या आपण सगळ्या जाणतो. त्यामुळे 'साठ दिवसांत आदेश मिळवायचा' हे आपलं उद्दिष्ट होऊ शकत नाही, ते आपल्या हातात नाही. बाई आल्यापासून अर्ज दाखल होईपर्यंतचे दिवस मात्र बरेचसे आपल्या हातात आहेत, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दिवस तिथेच वाया जातात.

नेमक्या उद्दिष्टाचा धडा घ्यायला अमेरिकेपर्यंत जायची तशी गरज नाही. १९८० च्या दशकात आपल्याच जिल्ह्यात इंदुताई पाटणकरांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला. पुरुषसत्ता संपवायची हे ध्येय होतंच, पण मागणी काय होती? रेशनकार्ड बाईच्या स्वतःच्या नावावर हवं. राहायला घराची जागा हवी. मिळालं की नाही, हे कुठलीही बाई स्वतः सांगू शकते. बाईच्या बाजूने मोजता येईल असं उद्दिष्ट म्हणतात ते हेच.

म्हणून आता आम्ही केसेसच्या शेजारी खेपा मोजतो. रजिस्टरात एक रकाना आखला आहे: अर्ज दाखल होईपर्यंत या बाईला किती वेळा यावं लागलं? दोनच्या वर आकडा गेला तर का गेला, ते शनिवारी बसून बोलायचं. सुरुवातीला हे फार जड गेलं, कारण उत्तर बहुतेक वेळा 'आपल्यामुळे' असंच निघत होतं. मग एकेक गोष्ट बदलली. फोन आला की कागदपत्रं तेव्हाच सांगायची, पण नसली तरी या असंही सांगायचं. सकाळचे दोन तास एकीने फक्त अर्ज लिहायचे. त्या वेळात फोन आणि दार दुसरीने सांभाळायचं, आणि आठवड्याने पाळी बदलायची. बाई जिथे राहते, तात्पुरती का होईना, किंवा जिथे काम करते, तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो (कलम २७). म्हणजे माहेरी आलेल्या बाईला सासरच्या तालुक्याला हेलपाटे घालायला नकोत. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हे तिला पहिल्याच भेटीत सांगायचं. त्यासाठी तिला वेगळी खेप कशाला?

आणि मुदत ठरवायची ती तिच्या पंचांगावरून. आपला अहवाल मार्चला संपतो, तिचं वर्ष गळीत हंगामावर चालतं. जत, आटपाडीची बाई पावसाळ्याच्या शेवटी आली, तर पहिला प्रश्न हाच: टोळी कधी निघणार? उचल घेतली का?

हे सगळं करताना काहीतरी सोडावं लागतं. आम्ही बैठका सोडल्या, सगळ्या नाही, पण बऱ्याच. वरून नाराजीची पत्रं आली. येऊ देत.

एक गोष्ट अजून आम्हाला सुटलेली नाही, ती तुमच्यापुढे ठेवते. वेळेच्या नियोजनाची पुस्तकं वाचताना मला नेहमी वाटतं, या लेखकाचा डबा कोण भरत असेल? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८. आपण कार्यकर्त्याही त्याच २८९ मधल्या. पाच वाजता एखादी बाई रडत आली की माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं, कारण मुलगी पाळणाघरात वाट बघत असते. मग मी त्या बाईला म्हणते, उद्या या. म्हणजे आणखी एक खेप. सध्या संध्याकाळचे दिवस आम्ही आपसात वाटून घेतले आहेत. माझ्या वाट्याला मंगळवार आणि गुरुवार आले. त्या दोन दिवशी मुलीला आणायचं काम नवऱ्याकडे आहे. मंगळवार जमतो आहे. गुरुवारचं भांडण अजून चालू आहे.