एकच प्याला



डबा खाताना तुम्ही विचारायचात, "चर्चमध्ये तुम्हाला काय देतात गं?" त्याचं जरा सविस्तर उत्तर आज देते.

त्याला आम्ही प्रभुभोजन म्हणतो. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट, एवढंच. मराठी बायबलात शब्द 'भाकर' असाच आहे. मराठवाड्यात तो समजावून सांगावा लागत नाही. येशूला पकडलं त्याच रात्री त्याने शिष्यांना भाकर मोडून दिली आणि 'हे माझं शरीर' असं सांगितलं. दगा देणारा यहूदा त्या पंगतीत होता, पुढे ओळख नाकारणारा पेत्रही होता. लायकी बघून कुणाला वाढलं नाही. देवाची प्रीती मला व्याख्यांपेक्षा या पंगतीवरून जास्त कळते.

आपल्या भागात तिची परीक्षा अवघड होती. एकोणिसाव्या शतकात इथे रतनजी नवरोजी हे जन्माने पारशी असलेले पाळक होते. खेड्यांतले नवे ख्रिस्ती बहुतेक महार-मांग समाजाचे. ज्यांना गावच्या विहिरीला हात लावायची बंदी, त्यांना पाळकाच्याच प्याल्यातून घोट मिळायचा.

म्हणून चर्चमधून जात गेली का? पुरती नाही. करिंथच्या मंडळीतही पैसेवाले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. त्यावरून पौलाने त्यांना पत्रातून चांगलंच खडसावलं होतं.

हल्ली काही ठिकाणी छोटे वेगळे प्याले देतात. आरोग्यासाठी ठीकच आहे. मला मात्र शेजारणीच्या ओठांना लागून, कड पुसून पुढे येणारा तो एकच प्याला आवडतो.