मतदारसंघाची रेषा आणि मताचे वजन

(हैदराबाद येथील विद्यानगरात मराठी श्रोत्यांपुढे झालेले भाषण)



येथून जवळचा हिमायतनगर मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला आणि अंबरपेठ हा नवा मतदारसंघ निर्माण झाला. त्यामुळे येथील मराठी मतदाराचे काय बिघडले? फारसे काही नाही. तो या महानगरात इतका विखुरलेला आहे की, रेषा कोठूनही ओढली तरी त्याच्या मताचे वजन तेवढेच राहते. रेषेचा घाव बसतो तो एकवटून राहणाऱ्या अल्पसंख्याकांना.

त्याच पुनर्रचनेत बेळगावकडील उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघ मोडले, शहराचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, बेळगाव ग्रामीण नव्याने आला. मे २००८ मध्ये समितीचा एकही उमेदवार विजयी झाला नाही. हा सारा दोष रेषेचाच, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच रेषा असताना २०१३ मध्ये दक्षिण व खानापूर या दोन जागा आपण जिंकल्या. २०१८ मध्ये पुन्हा हात रिकामे! दुही आपल्यावर कोणत्याही आयोगाने लादलेली नव्हती.

तरीही रेषेचे सामर्थ्य किती, ते साध्या गणिताने पाहा. प्रत्येकी एक लाख मतदारांचे तीन मतदारसंघ आहेत आणि अल्पसंख्याक एकूण एक लाख वीस हजार आहेत, असे समजू. दोन ठिकाणी साठ-साठ हजार असतील, तर दोन जागा त्यांच्या. नव्वद हजार एकाच ठिकाणी कोंबले, तर एक. तिन्हींत चाळीस-चाळीस हजार वाटले, तर एकही नाही. एकाही मतदाराचे नाव यादीतून गळलेले नसते, हे विशेष.

२००२ च्या कायद्याने अनुसूचित जातींच्या राखीव जागा त्यांचे प्रमाण अधिक असेल तेथे ठेवण्यास सांगितले. भाषिक अल्पसंख्याकांविषयी तो मूक आहे. आदेश निघाल्यावर घटनेचे ३२९ वे कलम न्यायालयाची वाट अडविते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उघड मनमानीपुरते दार किलकिले केले, एवढेच. म्हणून खरी संधी मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींच्या सुनावणीत असते.

तेथे 'आम्ही मराठी' एवढे म्हणून भागणार नाही. सलग भूभाग, प्रशासकीय हद्दी, दळणवळण, लोकांची सोय हे कायद्यातील निकष आहेत. तेव्हा गावाचा आठवडी बाजार कोणता, कचेरी कोठे, बस कोणत्या वाटेने जाते, पावसाळ्यात कोणती नदी आडवी येते, याची गावनिहाय टिपणे आजच तयार हवीत. तुमच्यापैकी ज्यांनी वकिलीत वा भूमापन खात्यात हयात घालविली, त्यांनी ती तपासून द्यावीत, एवढेच मागण्यासाठी मी येथवर आलो आहे.