कृत्रिम दात आणि झिजलेले हाड
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले निवृत्त शिक्षक आहोत. तथापि एका दाताने आम्हांस जो धडा शिकविला, तो आपणांपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात उभारण्याची विद्या स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांची. हा धातू हाडाशी एकजीव होतो, हे त्यांस सशांवरील प्रयोगांत आढळले; १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार केला.

असा दात आम्हीही बसविला. कृत्रिम दाताला कीड लागत नाही, हे खरे; परंतु त्यावरून त्याला रोगच होत नाही, असे आम्ही ठरविले. घासणे यथातथा, त्यात तंबाखूची जुनी सवय! पुढे हिरडीतून रक्त व मग पू येऊ लागला. दुखत नव्हते, म्हणून सहा महिने आम्ही दुर्लक्ष केले. अखेर क्ष-किरण छायाचित्रात स्क्रूभोवतीचे हाड झिजून खळगा पडलेला दिसला.

"डॉक्टरसाहेब, नवे हाड भरून टाका," आम्ही म्हणालो. ते उत्तरले, "मास्तर, भिंतीची ओल न काढता गिलावा केला, तर तो किती दिवस टिकेल?"

उपचाराचे सारे मर्म या प्रश्नात आहे. प्रथम हिरडी उघडून सुजलेले रोगट मांस काढावयाचे, स्क्रूवरील जंतूंचा थर स्वच्छ करावयाचा. मगच खळग्यात हाडाचे कण भरून, प्रसंगी वर पातळ पडदा ठेवून, हिरडी शिवावयाची. पुढे हाड भरून येण्यास कित्येक महिने लागतात. खळग्याला हाडाच्या भिंती उरल्या असतील, तर भरण टिकण्याची आशा अधिक. हाड सभोवार सारखेच खचले असेल, तर कणांना आधारच नसतो. स्क्रू हलू लागला, तर तो काढणेच प्राप्त होते.

हे कण रुग्णाच्याच जबड्यातून घेतात, मानवी दात्याच्या अस्थींपासून करतात, गुरांच्या हाडांतील सेंद्रिय अंश काढून तयार करतात, किंवा कृत्रिम रीतीने बनवितात. ज्यांच्या मनास यांपैकी काही रुचत नसेल, त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच निःसंकोच विचारावे. आम्ही विचारले, आणि स्वतःचेच हाड घेण्यास संमती दिली.

आज आमचा दात जागेवर आहे. मात्र गेलेले सर्व हाड परतले नाही. तंबाखू सुटली, आणि दर सहा महिन्यांनी तपासणीस जाणे आम्ही चुकवीत नाही. ज्यांनी असे दात बसविले आहेत, विशेषतः ज्यांस मधुमेह आहे अथवा तंबाखू-मशेरीचे व्यसन आहे, त्यांनी हिरडीतून रक्त दिसताच दवाखाना गाठावा. दुखण्याची वाट पाहू नये. विकत घेतलेल्या दाताची निगा मात्र विकत मिळत नाही. ती ज्याची त्यानेच राखावी लागते.